काशीला जायचं, पण आधी चिखल्याला

आमच्या बाबांनी काशीला जायचं ठरवलंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेत होते. आता माझी मुलगी कॉलेजात आहे आणि बाबा अजून निघताहेतच. साधी काशीयात्रा असती तर कधीच उरकली असती, पण त्यांना जायचंय पूर्वजांच्या देशी. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की कोणी एक गोंड राजा काशीहून परत येताना तलाव खोदणारी माणसं सोबत घेऊन आला, आणि त्या माणसांचे आम्ही वंशज. काशीजवळचं नेमकं कोणतं गाव, हे विचारलं की मात्र सांगणाऱ्याला खोकला येतो.

यंदा दिवाळी उलटली, धान खळ्यावर आलं, तशी मी नागपूरहून गाडी घेऊन अड्याळजवळच्या आमच्या गावी गेले. म्हटलं, "बाबा, रजा टाकली आहे. गावाचं नाव सांगा, तिकिटं काढते."

बाबा आढ्याकडे बघत म्हणाले, "नाव तं विचारावं लागन."

कोणाला, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या माणसाचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. तो माणूस म्हणजे माझा वामनमामा. मामाचं गाव आमच्याच तलावाच्या पलीकडच्या पारावर (तलावाच्या बांधावर) आहे. आमच्या बाजूला उभं राहिलं की आईच्या माहेरच्या चिंचा दिसतात. एका कोरड्या वर्षी पाण्याची पाळी कोणाची, यावरून बाबा आणि मामा साऱ्या गावासमोर भांडले. पाणी दोघांनाही पुरलं नाही, धान दोघांचंही वाळलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. आई माहेरी गेली नाही ती नाहीच. जाऊ नको असं तिला कोणी म्हटलं नाही. जा, असंही म्हटलं नाही. अर्ध्या कोसावर धडधाकट भाऊ असताना ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मला याचा फार राग येतो.

तर बाबांनी असा बेत केला की आधी शहापूरच्या आत्याला विचारू, मग चिखल्याच्या काकांना. आई मागच्या सीटवर बसली, मांडीवर सांबारवड्यांचा (कोथिंबिरीच्या वड्यांचा) डबा घेऊन. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

अड्याळच्या बाजारात उकडलेले शिंगाडे दिसले म्हणून थांबलो. विकणाऱ्या बाईंनी वजन करता करता विचारलं, "कुठं चालले बाप्पा एवढ्या सकाळी?"

"काशीले," बाबा म्हणाले. "आधी शहापूर, मंग चिखला, मंग काशी."

"लय लांबून जाऊन राहिले," बाई म्हणाल्या आणि वर मूठभर शिंगाडे जास्त टाकले.

बाबांना तलाव दिसला की गाडी थांबवावी लागते. भंडारा जिल्ह्यात याचा अर्थ गाडी चालवूच नये असा होतो. दोन तलाव मी न थांबता सोडले, तिसऱ्याला त्यांनी दाराच्या कडीलाच हात घातला. उतरले, पारावर चढले, तुडुमाची (पाणी सोडायच्या मोरीची) पाहणी केली. हा तुडूम कोण्या गाढवानं बांधला असं मोठ्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आणखी खाली उतरले. परत आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. चिखलानं ती अशी काही गिळली होती की काठीनं उकरूनही सापडली नाही. उरलेली एक त्यांनी रागानं बाभळीत भिरकावली.

शहापूरला हायवेवरचे ट्रक आत्याच्या अंगणातूनच गेल्यासारखे वाटतात. आत्यानं वडाभात केला होता. गरम भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून लसणाच्या फोडणीचं तेल. हा भात समोर असला की आमच्याकडे पूर्वजही वाट बघतात. बाबांच्या पायांकडे पाहून आत्यानं आधी स्वतःच्या चपला त्यांना दिल्या. जांभळ्या, अंगठ्याजवळ प्लास्टिकचं फूल. घरात दुसऱ्या नव्हत्या. मग ती मुद्द्यावर आली.

"दादा, मले गावाचं नाव कसं माहीत राहीन? भाट यायचा तो वहिनीच्या माहेरी." भाट म्हणजे घरोघर वंशावळ गाऊन सांगणारा माणूस. "वामनभाऊनं लहानपणी आयकून आयकून सारं पाठ केलं. आन तो तं तिकडं जाऊन बी आला म्हणते लोक."

बाबांचा घास हातातच राहिला. "जाऊन आला? वामन?"

"मले नाही माहीत," आई हळूच म्हणाली. भाऊ काशीला जाऊन आला आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही. त्यानंतर तिनं ताटातला भात तसाच ठेवला. बाबांनी मात्र आणखी दोन वडे मागून घेतले, पण चवीनं खाल्ले नाहीत.

तुमसर मागे पडलं, डोंगर जवळ आले, रस्त्याची धूळ काळपट झाली, तेव्हा चिखला आल्याचं कळलं. मँगनीजची खाण, तिचे ट्रक, कामगारांच्या वसाहतीतली एकसारखी घरं. त्यांतल्या एका घरात बाबांचे चुलत भाऊ राहतात. आयुष्य खाणीत काढल्यामुळे ते वर उजेडातही जरा वाकूनच चालतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि जाहीर केलं, "काशी-फाशी काही नाही. आपण राजस्थानचे."

पुरावा असा, की त्यांना एका लग्नात एक राजस्थानी गृहस्थ भेटले होते आणि त्यांचं नाक हुबेहूब आपल्या आजोबांसारखं होतं. बाबांनी नकळत स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. चहा झाला, राजस्थान झालं, आणि निघताना काका म्हणाले, "तरी पक्कं पाहिजे असन तं वामनले इचार."

"त्याच्याशिवाय जिल्ह्यात माणूस नाही का?"

"आहेत ना दादा. पण त्यायले माहीत नाही."

परतताना ऊन उतरू लागलं होतं. कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून बगळे फिरत होते, आणि बाबांनी वाटेतल्या एकाही तलावाला थांबवलं नाही. म्हणजे ते खरंच दुखावले होते. आमच्या तलावाशी रस्ता फुटतो, डावीकडे आमचं गाव, उजवीकडे मामाचं. मी सवयीनं डावीकडे वळवत होते.

"उजवीकडं घे," आई म्हणाली.

"कायले?" बाबांनी मान वळवली.

"तुम्हाले नाव पाहिजे ना?"

"मले नाही पाहिजे त्याच्याकडून."

"मले माझा भाऊ पाहिजे," आई म्हणाली. आवाज न चढवता, डबा मांडीवरच धरून.

मी गाडी उजवीकडे घेतली.

मामा खळ्यावर धानाची पोती शिवत बसला होता. केस पार पांढरे झालेले. गाडीतून आई उतरली तशी हातातली सुतळी सोडून तो उभा राहिला. "बाई," एवढंच म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. तिनं त्याच्या डोक्यावरचा भुसा झाडला आणि झाडतच राहिली. बाबा गाडीला टेकून तलावाकडे पाहत होते. मामानं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि पायांपाशी थांबला.

"भाऊजी, ह्या चपला कोनाच्या?"

"शहापूरच्या," बाबा म्हणाले.

मामानं आत आवाज देऊन चहा सांगितला.

चहा निम्मा संपेतो दोघं धानाच्या भावावर बोलले. मग बाबांना राहवलं नाही. "काशीकडं जाऊन आला म्हणते तू."

मामानं कप खाली ठेवला. "गावात तसंच सांगतलं. नागपूरपर्यंत गेलो होतो. तिकीट होतं खिशात. गाडी आली, मी काही चढलो नाही." मग म्हणाला, "वापस आलो तं लोक इचारतीन का काहून आला. म्हणून जाऊन आलो म्हटलं."

"पण चढला काहून नाही?"

"तुमच्या लग्नात ठरलं होतं ना आपलं, दोघं जाऊ म्हणून. तिथले तलाव मी एकट्यानं पाहून करू काय? सांगू कोणाले?"

बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाच त्या जांभळ्या चपलेवरचा चिखल पुसायला लागले.

गावाचं नाव मामानं सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, नाहीतर आमच्याआधी आमचे नातेवाईक तिथं पोचतील. मग कोणत्या महिन्यात जायचं यावरून दोघं पुन्हा भांडले, अगदी जुन्या सवयीनं. तोवर आई घरभर फिरून आली. मामीच्या हातचं खाल्लं, चुलीपुढे बसली, चिंचेखाली उभी राहून तलावापलीकडचं स्वतःचं घर तिनं कितीतरी वर्षांनी या बाजूनं पाहिलं.

परतीचा रस्ता दहा मिनिटांचाही नव्हता. इतकी वर्षं आम्ही काशी किती लांब आहे याचीच चर्चा करत होतो. बाबा खुशीत होते. म्हणाले, "माघात निघू. चौघांची तिकिटं काढ." मग आईला म्हणाले, "तूही चाल वं, पूर्वजांचा देश पाहाले."

आई खिडकीतून मागे वळून चिंचांकडे पाहत होती.

"तुम्ही या जाऊन," ती म्हणाली. "मी आली पाहून."