मोटारीची खांदशेकणी

सेलूचे बंडूजी मालक प्रभाकररावांची मोटार चालवायचे. एक डोळा रस्त्यावर, दुसरा तेलाच्या काट्यावर. बायको रुख्मिणी म्हणायची, "इतकं माह्याकडं पाह्यलं असतं, त माही नाकातली मोरणी कधी हरपली थे तरी समजलं असतं."

बंडूजींचं म्हणणं साधं होतं. इंजिनात तेल नुसतं असून भागत नाही, त्याला रेटा पाहिजे. रेट्यानं ते सांदीसांदीत पोचलं तरच लोखंड लोखंडाला खात नाही. रेटा गेला की काटा पडतो. आणि काटा पडल्यावरही जो दामटतो, त्याचं इंजिन जागच्या जागी आवळून बसतं. मग बसा कपाळ बडवत.

पंचावन्न सालच्या पोळ्याला, दुपारी, त्यांच्या धाकट्या भावाला साप चावला. तानबा बैलांसाठी शेताच्या धुऱ्यावर गवत कापत होता. सापावरची सुई वर्ध्याच्या दवाखान्यात. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही, आणि ठेवलं असतं तरी विष काय गाडीच्या चालीनं चाललं असतं? प्रभाकरराव अंगणातूनच ओरडले, "विचारता काय बंडूजी, काढा मोटार!"

रुख्मिणीनं दिराचं डोकं मांडीवर घेतलं. गाव सुटलं, इंजिन तापलं, आणि काटा उतरायला लागला.

बंडूजींनी वेग कमी केला, तर काटा आणखी खाली. वाढवला तर थोडा वर यायचा, पण इंजिन जास्तच तापायचं आणि पुन्हा घसरायचा. आतलं लोखंडच झिजलं असेल, तर रस्त्यात त्याला इलाज नाही. जाईल तिथवर दामटायची, बस.

मागून तानबा जड जिभेनं बोलला, "वयनी, तुमी दोन दोन दिसून राह्यल्या."

"एकच भारी हाये तुमच्या भावाले," रुख्मिणी म्हणाली आणि त्याच्या गालावर चापट मारली. "डोये उघडा, भाऊजी! झोपाचं नाई!"

पवनार यायचं होतं. काटा तळाला टेकला आणि इंजिनातून खडखड ऐकू आली. तेवढ्यात एक वास आला. चटणीवर घेतो तसल्या, पण करपलेल्या तेलाचा. बंडूजींनी करकचून ब्रेक मारला.

"थांबले काऊन?" रुख्मिणी किंचाळली.

"इंजिनात जवसाचं तेल कोणं टाकलं?"

"म्या टाकलं. काल बैलाचे खांदे तेलानं शेकले, तवा चरवीभर उरलं होतं. बैलाइतकीच राबते बिचारी मोटार, तिचे खांदे कोण शेकन?"

शिव्या बंडूजींच्या ओठापर्यंत आल्या होत्या. पण त्याआधी त्यांच्या ध्यानात आलं: लोखंड झिजलेलं नाही. तेल पातळ झालंय, म्हणून रेटा धरत नाही. मोटारीच्या तेलाचा एक भरला डबा मागे होता. पण बदलायचं तर थांबावं लागणार, आणि तानबाची मान एका बाजूला कलत चालली होती.

"त्याले बोलतं ठेव!" असं म्हणून ते चिखलात आडवे झाले, मोटारीखाली शिरले. बूच काढताच उकळतं तेल मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. वर रुख्मिणी दिराला त्याच्या लग्नात रुसलेल्या मामाची आठवण देत होती. उत्तर तुटक येत होतं. मग येईना.

बूच बसवलं, डबा ओतला, मोटार सुरू केली. काटा हलेना. बंडूजींनी काचेवर बोट मारलं. काटा थरथरला आणि वर चढला. मग त्यांनी वर्ध्यापर्यंत गाडी अशी हाणली, की रस्त्यातल्या कोंबड्यांनी वर्षभर नाव काढलं असेल.

दवाखान्यात तानबाला उचलून आत नेलं. बंडूजी पायरीवर बसले. भाजलेल्या हाताला फोड आले होते, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दिवे लागले तरी आतून कोणी येईना.

मग रुख्मिणी आली. पदर तोंडाला लावलेला. हसते की रडते, कळेना.

"भाऊजी शिव्या देऊन राह्यले," ती म्हणाली. "मले! चापटा मारल्या म्हून!"

बंडूजी हात टेकून उठायला गेले आणि कळवळले. तिनंच त्यांना धरून उभं केलं, आणि तेव्हा तिला तो हात दिसला.