चड्डीवाला वीर आणि माझी आत्या

वडील अकोला-अमरावती बसवर कंडक्टर होते, म्हणून चित्रकथांची पुस्तकं आमच्या घरी फुकट यायची. प्रवासी वाचून झालं की सीटवरच टाकून जायचे. वडील ती दोन दिवस डेपोत ठेवत आणि कोणी मागायला आलं नाही की घरी आणत. बहुतेकांचं शेवटचं पान फाटलेलं असे. मग शेवट मीच जुळवायची, आणि माझे शेवट बरे होते असं मला अजूनही वाटतं.

साठच्या दशकातली ही गोष्ट, मी सातवीत होते तेव्हाची. शाळा सकाळची. दुपारी आत्याची भाकर घेऊन मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जायची. आत्या तिथे कापसातला पिवळा, किडका कापूस निवडून वेगळा काढायची. जेवणाच्या सुट्टीत बाया कडुनिंबाखाली बसत आणि मी त्यांना पुस्तक वाचून दाखवी. त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, पण चित्रं त्या माझ्यापेक्षा बारकाईनं बघत. पुस्तकातला वीर मुखवटा लावून जंगलात राहायचा आणि घट्ट विजारीवरून चड्डी घालायचा.

"हा चड्डी वरून काहून घालते वं?" एकीनं विचारलं.

"घाईत निघाला असन," दुसरी म्हणाली.

"अन् ह्याचे कपडे धुते कोन?"

मी पानं उलटून पाहिली. धुणं कुठंच नव्हतं.

एकदा वाचन संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं सवयीनं पुस्तक कपाळाला लावलं आणि हात जोडले. जन्मभर तिनं कोणी वाचताना ऐकलं होतं ते फक्त पोथीच. आम्ही सगळे बौद्ध होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. आत्याला हसू आवरेना.

"अवं, तेहतीस कोटी देव सोडून आलो आपन, अन् तू ह्या चड्डीवाल्याच्या पाया पडून राहिली?"

सगळ्या हसल्या, म्हातारीही हसली. मग आत्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि एकेका पानावर बोट ठेवत गेली. काळी माणसं होती ती एकतर ओझं वाहत होती, नाहीतर दोरीनं बांधलेली होती, आणि वीर आला की हात जोडून उभी राहत होती.

"पाह्य बरं, ह्याच्यातही आपल्यावानी मानसं हातच जोडून हायेत," ती म्हणाली, आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून कामाला गेली.

मला राग आला. पुस्तकाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण ती पानं मी वीसदा वाचली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. शाळेचा हस्तलिखित वार्षिक अंक तेव्हा तयार होत होता. त्याची एकच प्रत निघायची, सगळी मुलींच्या हातची. त्यात माझी चित्रकथा जाणार, असं मी ठरवूनच टाकलं. नायिका काळीसावळी, लुगड्याचा काष्टा मारलेली, थेट आत्यासारखी. ती कापसाची दाबून बांधलेली अख्खी गाठ एका हातावर उचलते, आत्याच्या मुकादमाला त्या गाठीवर बसवून जिनिंगभर फिरवते, आणि तो "ए" सोडून "अहो बाई" म्हणेपर्यंत त्याला खाली उतरवत नाही.

चित्रकलेच्या बाई वाचून मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "छान जमलंय गं. पण नायिका जरा उजळ कर, केस मोकळे सोड. वीरांगना वाटली पाहिजे ना! शनिवारपर्यंत आण, मग अंक बांधायला जाईल."

मला अंकात यायचंच होतं. घरी आले आणि मी नायिकेला गुलाबी करून टाकलं. केस सोडले, गळ्यात मोत्यांची माळ स्वतःच्या मनानं घातली. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली ती गोष्ट वाचून दाखवली. मुकादमाच्या पानावर बाया पोट धरून हसल्या. आत्या मात्र चित्र बघत राहिली.

"मुकादम तं हुबेहूब काढला तू," ती म्हणाली. "पन ही कोन्या राजाची पोरगी होय? हिनं तं कधी गाठ पाह्यलीही नसन."

ती तूच आहेस, हे सांगायला माझं तोंड उघडेना. तेवढी लाज मला पुढे आयुष्यात फार कमी वेळा वाटली.

शनिवारी मी पहिलीच नायिका नव्यानं काढून नेली, आधीपेक्षा जास्त काळी. "बाई, ही अशीच राहील. चालत नसेल तर घेऊ नका," मी म्हणाले. बाईंनी पानं उलटली आणि मुकादमापाशी त्यांना पुन्हा हसू फुटलं. मग त्यांनी डिंकाची बाटली काढली आणि माझ्यासमोरच ती पानं अंकात चिकटवली.

स्नेहसंमेलनात अंक टेबलावर मांडला होता. आत्या अर्धा रोज बुडवून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पालकांच्या रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मी तिला पान काढून दिलं. ती चित्रावर वाकली. ओळख पटल्याचं मला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं, आणि मी सुखावले.

रांग खोळंबली होती. मागच्या बाई म्हणाल्या, "झालं असेल तर सरका हो पुढे."

आत्या हलली नाही.

"थांबा ना बाई जराशा," ती म्हणाली. "पह्यल्यांदाच पुस्तकात आली मी. पाहू द्या मले."