बिनकापाचा कोबा

गवंडीकाकांना कामावर सगळे 'भेगाशास्त्री' म्हणत. तीस वर्षं कोबा घातलेला माणूस. भेग कुठून निघणार ते आधीच बोटाने दाखवायचे. "काँक्रीट आणि म्हातारा, दोघेही वाळले की आकसतात," हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ठरावीक अंतरावर काप द्यायचा, म्हणजे भेग त्यातच गुमान जाऊन बसते.

लेक इंजिनिअर झाली. पहिलंच काम वाचनालयाचं मोठं दालन. म्हणाली, "बाबा, इथे एकही काप नको. हे सिमेंट आधी जरा फुगतं, आतल्या सळया त्याला आवरून धरतात. मग आकसलं तरी ताण येत नाही. शेजारच्या खोलीत तुमचं नेहमीचं घाला, तेही बिनकापाचं. महिन्याने बघू."

"फुगायला ते आंबवलेलं पीठ आहे का?" काका हसले खरे, पण मनातून धास्तावले. दालन तडकलं तर पोरीचं नाव पहिल्याच पायरीवर जाणार, आणि हात बापाचा!

काम झक्क झालं. संध्याकाळी काकांना दालनाच्या भिंतीकडेच्या फटीत बोटभर मऊ पट्टी तशीच राहिलेली दिसली. फट दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. एका बाजूची पट्टी उपटली, मसाला भरला, थापी फिरवून आरसा केला.

सकाळी लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा! फुगायला जागा ठेवली होती मी!"

"अगं, मला वाटलं कुणीतरी विसरलं."

काका छिन्नी घेऊन बसले. देवाची कृपा, मसाला अजून कच्चा होता. दुपारपर्यंत फट मोकळी झाली, नवी पट्टी बसली. गुडघे तेवढे सोलले. पुढे सात दिवस ओल्या गोणपाटांवर त्यांनी स्वतः पाणी मारलं. काकू रोज देवापुढे हात जोडायच्या, "देवा, पोरीचा कोबा सांभाळ, आणि यांची थापीही!"

महिन्याने बापलेक भिंग घेऊन ओणवे झाले. दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढीही रेघ नाही. लेकीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच शेजारच्या खोलीतून काकांची आरोळी आली, "सापडली! दारापासून थेट खिडकीपर्यंत!"

"अहो बाबा, तुमचा कोबा तडकला, आणि तुम्ही नाचताय काय?"

"मग! मी बोट ठेवलं होतं तिथूनच निघाली. माझंही खरं, तुझंही खरं!"

निघताना काका कडेच्या पट्टीपाशी जरा रेंगाळले. लेकीने हसत त्यांच्या पिशवीतली थापी काढून घेतली.