डिफरन्शलमधलं तारल्यांचं तेल

माझे सासरे तांडेल. सगळं आयुष्य स्वतःच्या गलबतावर काढलेलं. लेकीला मागे ठेवून जावयाने मुंबई गाठू नये, म्हणून त्यांनी ते गलबत विकलं आणि लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक घेतला. चालवायचा मी. ट्रक चालला तरच मी गावात राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा फुगवटा असतो, तो डिफरन्शल. आतली दातेरी चाकं एकमेकांत फिरतात, त्यांना दाट गियर ऑइलच लागतं. पण पावसाळ्याआधी गलबत वर ओढलं की लाकडाला तारल्यांचं, म्हणजे त्या बारक्या मासळीचं, तेल चोपडायचं, ही सासऱ्यांची रीत. बोटीला चालतं ते गाडीला का नाही? मी बाजारात गेलो असताना त्यांनी माझं तेल गटारात ओतलं आणि आपलं भरलं.

चार दिवस गाडी चालल्यावर मागून वास यायला लागला, म्हणून मी खालचा बोल्ट सोडला आणि ती घाण थेट तोंडावर आली. कुजकट, खवट, वर ट्रकच्या उष्णतेने शिजलेली. दोनदा उलटी झाली. साबण झाला, शिकेकाई झाली, राखही झाली, वास काही जाईना. बायको ताट पायाने पुढे सरकवायची. मला माझ्याच हातांनी जेवणं नकोसं व्हायचं.

"मामानू, ह्या तेल गाडयेक चलाचा नाय," मी म्हटलं.

"खाऱ्या वाऱ्यात माजा गलबत ह्याच तेलार टिकला. तुमी माका शिकवू नकात!"

मी गियर ऑइल भरायचो, सासरे माझी पाठ फिरताच ते काढून आपलं भरायचे. म्हाताऱ्याच्या हट्टापुढे शहाणपण चालेना. शेवटी कौलं घेऊन धामापूरची चढण चढताना मागून कडकड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. उघडून बघतो तर दात तुटलेले, आणि उरलेल्यांवर पिवळट, चिकट खपली. लाकडावर वाळून घट्ट बसणं हाच त्या तेलाचा गुण, तोच इथे नडला. भोवती जमलेल्या अकलेच्या कांद्यांपैकी एकाने वर सांगितलं, खोबरेल घातला असता तर बरा झाला असता. त्याच्या तोंडावर तो लगदा फासावासा वाटला.

तसली दातेरी चाकं कुठेच मिळाली नाहीत. ट्रक भंगारात गेला आणि मी मुंबईच्या आगबोटीचं तिकीट काढलं.

बंदरावर पोचवायला सासरे आले. "तेल तुमचाच बरोबर होता, जावयबापू," ते म्हणाले.

इतका संताप मला त्या घाणीचाही आला नव्हता. हे म्हणायला त्यांना बंदर लागलं. मी वळकटी उचलली आणि आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत चढलो. किनाऱ्यावर बायको पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या बापाने पोराला घ्यायला हात पुढे केले, तर तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.