राणी रंगाचे झेंडे

माझ्या नणंदेबरोबर रस्त्यानं चालणं ही एक शिक्षा आहे. चार पावलं टाकली की त्या वाकल्याच म्हणून समजा. फुटपाथच्या फटीत काहीतरी उगवलेलं असतं. त्याचं पान उलटं करून बघणार, स्वतःशी पुटपुटणार आणि मग कुठे पुढे सरकणार. एकदा आम्ही बँकेत निघालो होतो, पोहोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. मी तणतणले. ताई म्हणाल्या, "अगं, पण ते तिथे उगवायला नको होतं." जणू काही त्या रोपट्यानंच आम्हाला उशीर केला होता.

त्यांचं कामच तसलं. एखाद्या मोकळ्या जमिनीवर सौर पॅनेल किंवा पवनचक्क्या उभ्या करायच्या ठरल्या, की आधी कुणीतरी ती जमीन पायाखाली घालून तिथे काय उगवतं, काय राहतं, काय अंडी घालतं याचा अहवाल द्यावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे आमच्या ताई. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, हे काय भलतंच! पुढे कळलं, त्या भलत्याशिवाय त्यांना करमतच नाही. काम नसलं की जिन्यावरून नुसत्या वरखाली. नवरा म्हणायचा, "लहानपणापासून ही अशीच. हिला घरात कोंडणं म्हणजे घरच्यांनाच शिक्षा."

खाली माझं शिलाईचं दुकान आणि वर त्यांची खोली. माझी जड इस्त्री सापडेनाशी झाली की ती कुठे असणार हे ठरलेलं. वर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर, आणि आत कसल्यातरी काड्या दाबून वाळत घातलेल्या. दाराच्या मागे खिळ्याला त्यांची मातकट रंगाची पँट. गुडघ्यांवर रांगून रांगून तिची चाळण झालेली. मी तिला इतकी ठिगळं लावली होती की मूळची पँट कोणती आणि ठिगळ कोणतं, हे मलाच सांगता आलं नसतं. गुडघ्यांचे डाग कुठल्याही साबणाला दाद देत नव्हते. "टाका आता ही," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "हिच्यात मी दिसत नाही."

आता त्या उताराबद्दल.

शहराबाहेर एक लांबलचक पडीक माळ होता आणि तिथे पॅनेल बसायची होती. ताईंनी सगळा माळ पालथा घातला. बहुतेक जागेबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. "इथे बसवा की, वीज काय आकाशातून पडणार आहे?" असं त्या म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या, कारण ही वीज खरंच आकाशातूनच यायची होती. पण एका टोकाच्या खडकाळ उतारावर त्यांना धाविक सापडले. उंच पायांचा, मातीच्याच रंगाचा पक्षी. धावतो, थांबतो, वाकतो, पुन्हा धावतो. "म्हणजे तुमचाच भाऊबंद," मी म्हटलं. हा पक्षी घरटं असं बांधत नाही. उघड्या खड्यांमध्ये अंडी घालतो, तेच त्याचं घरटं, आणि ती अंडी खड्यांपासून वेगळी ओळखायला ताईंसारखेच डोळे लागतात. नियम असा होता की तिथे त्याची वीण नीट होत असेल तर तो उतार पॅनेलांतून वगळायचा. ताईंनी एकदा जाऊन अंडी पाहिली होती. पुन्हा जाऊन पिल्लं पाहायची, की झालं.

मध्येच पॅनेलवाल्या कंपनीनं माती तपासणीचं यंत्र त्याच आठवड्यात उतारावर आणायचं ठरवलं. ताईंची झोप उडाली. चालकाला ती अंडी दिसणार कशी? यंत्राचं चाक गेलं की खेळ खलास.

एरवी त्या घरट्याची खूण करायच्या ती लांब, एखादा दगड उलटा ठेवून वगैरे. या वेळी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "लांबून डोळ्यांत भरेल असं काही आहे का तुझ्याकडे?"

माझ्याकडे राणी रंगाचं अस्तर उरलं होतं. शाळेच्या नाचाचे कपडे शिवले होते, त्यातलं. असा भडक रंग की दुकानातला बल्ब फिका पडावा. मी त्याचे छोटे झेंडे शिवले, कडा दुमडून, दुहेरी टीप मारून. ताईंनी ते बांबूच्या काठ्यांवर लावले आणि प्रत्येक घरट्याशेजारी एकेक रोवून आल्या. चालकानं झेंडे पाहिले, वळसा घातला. एकाही अंड्याला धक्का लागला नाही. त्या दिवशी ताई घरी आल्या त्या शीळ घालत.

पुढच्या फेरीला मीही हट्टानं बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला माझे झेंडे बघायचे होते. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, ते कुणाच्या ना कुणाच्या अंगावर निघून जातात. हे एक काम असं होतं की रस्त्यावरून दिसत होतं. "ते बघा, ते बघा!" मी गाडीतून ओरडले. ताईंनी दुर्बीण लावली होती आणि ती खाली घेत नव्हत्या.

एका झेंड्याच्या काठीवर कावळा बसला होता.

आम्ही चढून गेलो. पहिल्या झेंड्यापाशी टरफलं, दुसऱ्यापाशी टरफलं. तिसऱ्यापाशी तीही नव्हती, नुसता ओला डाग. कावळ्यांना दोन-तीन झेंड्यांतच उमगलं असणार की गुलाबी फडकं म्हणजे जेवण. मग काय, या झेंड्यावरून त्या झेंड्यावर, पंगतीत बसल्यासारखे.

ताई तिथून निघाल्या त्या जमिनीच्या हद्दीपलीकडे ओढ्याच्या काठाला गेल्या. तिकडे यंत्र जाणार नव्हतं म्हणून तिथल्या घरट्यांना त्यांनी झेंडे लावले नव्हते. बऱ्याच वेळानं परत आल्या. "तिकडची शाबूत आहेत. सगळी," म्हणाल्या. आनंदाची बातमी असावी, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला समजायला वेळ लागला.

"कावळ्यांनी खाल्ली. त्याला तुम्ही काय करणार?" मी म्हटलं.

"मी पाटी लावली, ते आले."

सगळे झेंडे त्यांनी स्वतः उपटले. मला एकालाही हात लावू दिला नाही.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा ताईंच्या ऑफिसचे साहेब स्वतः दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून त्यांनी चहा घेतला. माणूस वाईट नव्हता. ताईंना अनेक वर्षं ओळखत होता.

"ताई, मी खोटं लिहायला सांगत नाहीये," ते म्हणाले. "फक्त थोडं कमी लिहा. 'अंडी कावळ्यांनी नष्ट केली.' बास. यात खोटं काय आहे?"

"झेंडे कुणी लावले?"

"ते कोण विचारणार आहे?"

ताईंनी मान हलवली. "मग वाचणारा म्हणेल, त्या उतारावर वीण टिकत नाही. उतार जाईल. उताराचा काय दोष?"

"आणि झेंड्यांचं लिहिलंत, तर पुन्हा एक हंगाम पाहणी होईल, बरोबर. पण ती तुमच्याकडे येणार नाही. ही नाही आणि यापुढची कुठलीच नाही. घरटी संपवणारी बाई म्हणून नाव होईल तुमचं. मला ठेवता येणार नाही तुम्हाला."

मी मशीनवरचा पाय थांबवून ऐकत होते. मी सरळ सांगते, ताईंनी ऐकावं असंच मला वाटत होतं. कुठला तो दगडधोंड्यांचा उतार आणि कुठली ती चिमूटभर पाखरं! त्यांच्यापायी ताईंनी घरी बसायचं? साहेब गेल्यावर मी तसं बोललेही. ताई म्हणाल्या, "दिसलं ते लिहायचं, असं मी आजवर सगळ्यांना शिकवलं. यात मीच दिसले. आता काय करू?" आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पाणी द्यायचंही मला सुचलं नाही.

त्यांनी सगळं लिहिलं. झेंड्यांचा रंग, घरट्यापासूनचं अंतर, खुणा खरं तर कशा असायला हव्या होत्या, सगळं. आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं.

मग ताई माझ्या दुकानात मदतीला बसू लागल्या. मदत कसली, ताप! त्यांनी माझ्या बटणांची वर्गवारी केली. दोन भोकांची, चार भोकांची, देठाची. काज करायला दिलं तर एका काजाला अर्धी दुपार. सकाळी गॅलरीत कावळा यायचा, त्याला त्या पूर्वीसारखाच पावाचा तुकडा टाकायच्या. मला राग यायचा. "त्याच्यावर कशाला डूख धरायचा?" त्या म्हणायच्या. बाहेर मात्र फारशा जात नसत. गेल्याच तर सरळ चालायच्या, कुठेही न वाकता. मला बँकेत वेळेवर पोहोचायची सवय झाली आणि ती मला मुळीच आवडली नाही.

पुन्हा विणीचा हंगाम आला. उताराची पाहणी एका नव्या बाईंकडे गेली होती. सुरुवातीला त्या एकदा येऊन विचारून गेल्या की गेल्या वेळी अंडी नेमकी कुठे होती. ताईंनी सांगितलं नाही. "मी सांगितलं तर तुम्ही तेवढंच बघाल. सगळा उतार चाला." बाई थोड्या नाराज होऊन गेल्या असाव्यात.

काही दिवसांनी त्या परत आल्या. उन्हानं रापलेल्या, बुटांना धूळ. ताई कोपऱ्यात बटणं लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. काम चालू असताना बाहेरच्यांनी काही विचारायचं नसतं, हा त्यांच्यातला नियम, आणि ताई आता बाहेरच्याच होत्या.

बाई माझ्याशीच बोलल्या. "खुणांसाठी कापड हवं होतं. मातीच्या रंगाचं. बुटके झेंडे करायचेत, घरट्यापासून बरेच लांब लावायला. ताईंनी अहवालात लिहिलंय ना, तसे."

ताईंची सुई थांबली.

खुणा कशाच्या, हे मलाही आता कळत होतं. जिथे काही नसतं तिथे खूण करत नाहीत.

मी कपाटातून मातकट कापडाचा तुकडा काढला. बाईंनी तो टेबलावर पसरला, मनाशी हिशेब केला आणि म्हणाल्या, "एवढ्यात नाही भागायचं. अजून लागेल."

ताई उठून वर गेल्या. जिन्यावर पावलं वाजली, वर दार वाजलं. खाली आल्या तेव्हा हातात पँट होती. त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली, गुडघ्यांची बाजू वर करून.

"इथून काप," त्या म्हणाल्या. "इथला रंग बरोबर जुळतो."

"ताई, अहो, पुढे कधी लागली तर?"

"काप गं."

मी कात्री घेतली. माझीच ठिगळं कापत गेले. नव्या बाई बाहेर बघत उभ्या राहिल्या. ताई मात्र शेजारी उभ्या राहून प्रत्येक तुकडा हातात घेत होत्या, उजेडात धरून बघत होत्या, आणि एकावर एक रचून ठेवत होत्या.