शेवटून दुसरं रीळ

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. तिथे नवीन यंत्रं आली, हाताने जोडण्या करून देणाऱ्या बायकांची गरज संपली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसली. बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. महिन्याभरात तिने घराची पुढची खोली रिकामी केली, तिन्ही भिंतींना फळ्या ठोकून घेतल्या आणि व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली. तेव्हापासून सगळं शहर तिला कॅसेटताई म्हणू लागलं.

तिच्याकडे दोनच नियम होते. कॅसेट रिवाइंड करून आणायची आणि परत करताना वहीत दोन ओळी लिहायच्या: सिनेमा कसा वाटला आणि कॅसेट कशी निघाली. जाडजूड वही, तिला दोरीने बांधलेलं पेन. लोक आधी कुरकुरले, मग त्यांना चटक लागली. कॅसेट न्यायला आलेला माणूस आधी वही चाळायचा.

समोरच्या शिंप्याने लिहिलं होतं, 'नायकाचा कोट तीन प्रसंगांत तीन मापांचा आहे. बाकी ठीक.' दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आवाज फाटतो, पण नायिका रडते तिथे फाटला तरी चालतो.' एका शाळामास्तरीणबाईंनी लिहिलं, 'शेवटची दहा मिनिटं डोळे मिटून पाहिली. फार आवडली.' मावशी हे सगळं मन लावून वाचायची. "अगं, थिएटरात लोक उठून निघून जातात," ती मला म्हणायची, "त्यांना काय वाटलं ते कुणाला कळतं? इथे कळतं."

लायब्ररी सुरू झाल्यापासून लोक एकच सिनेमा मागत होते. वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या एकुलत्या एक थिएटरात तो चार आठवडे चालला होता. एक आई, एक मुलगी, त्यांचं भांडण. शहरात त्याला सगळे 'चादरीचा सिनेमा' म्हणायचे, कारण शेवटी घर सोडून गेलेली मुलगी परत येते आणि दोघी मिळून वाळलेल्या चादरीची घडी घालतात. घडी घालता घालता एकमेकींच्या जवळ येत जातात, हातांना हात लागतात आणि सिनेमा संपतो. तो पाहून दगडासारखी माणसंही डोळे पुसत बाहेर पडली होती.

दोन वर्षांनी त्याची कॅसेट अखेर निघाली. मावशीने दोन प्रती मागवल्या. पहिली शिंप्याने नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती नासकं फळ ठेवावं तशी टेबलावर ठेवली.

"ताई, ही कॅसेट चुकीची आहे."

"चुकीची म्हणजे? दुसराच सिनेमा निघाला का?"

"सिनेमा तोच. शेवट बिघडवलाय. चादर आधी येते. मग मुलगी पहाटे उठून चिठ्ठी ठेवून निघून जाते, आई दार लावते आणि खलास! हा काय शेवट झाला?"

पुढच्या पंधरा दिवसांत वहीची चार पानं शिव्याशापांनी भरली. 'कंपनीने वाट लावली.' 'आम्ही डोळ्यांनी पाहिलेला शेवट कुठे गेला?' दातांच्या डॉक्टरांनी तर लाल शाईत लिहिलं, 'ही फसवणूक आहे.' मावशीने कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, चार ओळींचं आणि अगदी नम्र: कॅसेट मूळ प्रतीवरून बनवली आहे, दिग्दर्शकाने सिनेमा असाच केला होता, पहिल्या दिवसापासून तो सगळीकडे असाच दाखवला गेला आहे.

ते पत्र मावशीने दोनदा वाचलं. त्या दुपारी तिने पुढची खोली बंद केली आणि कॅसेट लावली. मी शेजारी बसले होते. आईने दार लावलं, पडदा काळा झाला, तरी मावशी हलली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तेव्हा तिने मला जे सांगितलं, ते आमच्या घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. चोविसाव्या वर्षी मावशी माझ्या आजीशी भांडून घराबाहेर पडली होती. चार पाहुण्यांसमोर आजी तिला म्हणाली होती, "तू गेलीस तरी या घरात काही अडणार नाही." मावशीने बॅग भरली, या शहरात एक्स्चेंजची नोकरी धरली आणि दोन वर्षं घरी पाऊल टाकलं नाही. पत्रसुद्धा नाही. मग एका रविवारी ती एकटीच हा सिनेमा बघायला गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती आजीच्या दारात उभी होती. काही महिन्यांनी आजी तिच्याकडेच राहायला आली. शेवटपर्यंत, अकरा वर्षं, दोघी एका घरात राहिल्या, भांडल्या, हसल्या.

"आणि सिनेमा म्हणत होता की मुलगी राहत नाही," मावशी म्हणाली. "हे मी तेव्हा पाहिलं असतं, तर बसमध्ये चढलेच नसते गं."

थिएटरात आता टायरचं गोदाम झालं होतं. पण तिथले ऑपरेटर, जे आत प्रोजेक्टर चालवायचे, ते शहरातच होते. सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. घराच्या व्हरांड्यात बसून ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आम्ही दोघी गेलो, तेव्हा त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं. मावशीने चादरीच्या सिनेमाचं नाव काढलं मात्र, त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कॅसेट आली ना?" ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, कुणीतरी येणार."

"काका, दोष द्यायला नाही आले. काय झालं ते फक्त सांगा."

त्यांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. "चौदा रिळं होती. शेवटच्या दोन डब्यांची झाकणं आदलाबदल होऊन आली होती. पहिल्या खेळाला मी झाकणावरचा नंबर बघून रीळ चढवलं. चौदावं आधी लागलं. मुलगी गेली, आईने दार लावलं आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. लोक उठले, चपला शोधायला लागले. आणि एक रीळ अजून माझ्या हातात होतं! काही सुचेना, म्हणून तेच लावून दिलं. मुलगी घरी आली. लोक उभे होते तिथेच थांबले. काही जण परत खाली बसले. आणि चादरीपाशी, ताई, अख्खं थिएटर रडत होतं. टाळ्या पडल्या."

"मग?"

"मग मॅनेजर धावत वर आले. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, हे असंच ठेव, फक्त ती समाप्तची पाटी कापून शेवटी जोड. मी जोडली. अठ्ठावीस दिवस तसंच दाखवलं. परत पाठवताना सगळं होतं तसं लावून दिलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "पहिल्या दिवशी चूक झाली म्हणता येईल. दुसऱ्या दिवसापासून ती चूक नव्हती. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून एक गोष्ट केली आणि मी कात्री घेऊन तिचा अर्थ फिरवला. बावीस वर्षं हे कुणाला बोललो नाही."

मावशीने मग त्यांना आपली हकिगत सांगितली. ऐकताना ते जमिनीकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे चांगलं झालं, असं समजू का मी?"

"मला चांगलंच झालं," मावशी म्हणाली. "पण काका, खरं सांगू? खरा सिनेमा जास्त चांगला आहे. त्यात चादरीची घडी घालताना मुलीचं जायचं आधीच ठरलेलं असतं. आईला ते कळलेलं असतं, आणि तरी दोघी घडी घालतात. ते बघून मी कालपासून धड जेवले नाहीये."

काका गोंधळले. "मी तो सिनेमा पाहिलाच नाही कधी," ते म्हणाले. "मी फक्त फोकस बघायचो. आणि पुढचं रीळ कधी लावायचं ते."

मावशीने त्यांना रविवारी घरी बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आयुष्यात पहिल्यांदा तो सिनेमा त्यांनी खुर्चीत बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. मध्ये चहा दिला तर तो तसाच गार झाला. जाताना त्यांनी वही मागितली आणि त्यांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं: 'क्रम बरोबर आहे. शहराची माफी मागतो.' खाली सही केली.

ती ओळ वाचून शहरात दोन तट पडले. शिंपी म्हणाला, काकांनी सिनेमा सुधारला, माफी कसली मागता? तो चिडून महिनाभर आलाच नाही. मास्तरीणबाईंनी कॅसेट पुन्हा घरी नेली, खरा शेवट उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि लिहिलं, 'तेव्हा मला आपल्या शहरातला शेवट हवा होता. आता हा सोसवतो.' दातांच्या डॉक्टरांनी आपलं लाल शाईतलं वाक्य खोडलं आणि बाजूला 'रागाच्या भरात लिहिलं' एवढंच घातलं. ऑपरेटरकाकांना वाटलं होतं लोक तोंड फिरवतील. उलट रस्त्यात थांबवून विचारायला लागले, अजून कुठल्या सिनेमात कात्री चालवली होती? "एकाच," ते म्हणायचे, "शपथेवर." पुढे ते दर आठवड्याला एक कॅसेट न्यायला लागले. साठी उलटल्यावर सिनेमे बघायला शिकतोय, म्हणायचे.

काही वर्षांनी डिस्क आल्या. त्यात प्रसंगांची यादी असायची, हवा तो प्रसंग आधी लावता यायचा. लोक चादरीचा सिनेमा घेऊन जायचे आणि ज्याला जसा पाहिजे तसा बघायचे. शिंपी तर परत करताना अभिमानाने सांगायचा, "आपल्या पद्धतीने पाहिला."

मावशी हसायची, पण स्वतः कधी तसं करायची नाही. मी एकदा विचारलं, "तुला आपल्या शहराचा शेवट पुन्हा बघावासा नाही वाटत?"

"तो मी जगले की," ती म्हणाली. "अकरा वर्षं. आता दुसऱ्या बाजूचं ऐकते. तुझी आजी दोन वर्षं त्या बंद दाराच्या आत कशी राहिली असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी परत गेले आणि वाटलं, सगळं मिटलं. तिला विचारलं नाही कधी."

लायब्ररी बंद व्हायच्या आदल्या वर्षी एक बाई आल्या. नवीन होत्या, वहीबद्दल कुठून तरी ऐकून आल्या होत्या. त्यांची मुलगी सहा महिन्यांपासून फोन उचलत नव्हती. त्यांनी चादरीचा सिनेमा मागितला आणि खाली मान घालून विचारलं, "ताई, कुठल्या क्रमाने बघू?"

मावशीने डिस्क काढली, पण त्यांच्या हातात दिली नाही. तिने पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि दुसरी खुर्ची टीव्हीसमोर सरकवली.

"आहे तसा बघू," ती म्हणाली. "मी बसते तुमच्याबरोबर."