तो पोचा काढायचा नाही

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझं तोंड फटकळ आहे. दोन्ही आधीच सांगून टाकते, मागाहून तक्रार नको. दुकानाला लागून जिना आहे आणि त्या जिन्याखाली, जिथे धड ताठ उभंही राहता येत नाही, तिथे आमची कुकरमावशी बसते. गेली एकतीस वर्षं. कुकरचे दांडे, शिट्ट्या, रबरी रिंगा, चेपलेली पातेली, गळके डबे, सगळं तिच्याकडे. तोंडात स्क्रू, मांडीत पातेलं आणि हातात लाकडी हातोडी. स्क्रू तोंडात असतानाही ती बोलते, आणि गंमत म्हणजे ते सगळ्यांना कळतं.

तिच्या शेजारी स्टुलावर तिची थोरली बहीण बसलेली असते. तिला आम्ही थोरली मावशी म्हणतो. डाव्या कानाने ठार बहिरी, त्यामुळे बोलते ती अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं. रिंगा निवडणं, स्क्रू लावून ठेवणं आणि गिऱ्हाइकाला दटावणं ही तिची कामं. "घाई असेल तर नवीन घ्या!" असं ती ओरडली की माझ्या दुकानातलं माणूससुद्धा दचकतं.

त्यांच्या मागे भिंतीवर एका खिळ्याला एक पातेलं टांगलेलं असायचं. जाड बुडाचं, आरशासारखं लख्ख. लोक म्हणायचे, "मावशी, काय हात आहे तुमचा! हा नमुना ठेवलाय वाटतं?" मावशी कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मला वाटायचं, म्हातारीला मिजास आहे, असू दे.

तर, पोचे. भांड्याला पोचा पडतो हे तुम्हाआम्हाला दिसतं. मावशीला तो कसा पडला ते दिसतं. ओट्यावरून पडलेल्या भांड्याचा पोचा बुडाच्या कडेला बसतो आणि तिथे फरशीचे ओरखडे असतात. पोरांनी बडवलेलं असेल तर बारीक बारीक खड्डे, सगळीकडे. आणि दांडा मुठीत धरून कुणी भांडं फिरवलं असेल तर पोचा पोटावर मधोमध बसतो आणि दांड्याचा स्क्रू बाहेर ओढला जातो. हे मला तिने हजारदा दाखवलंय. असं भांडं घेऊन एखादी बाई आली की मावशी हातोडी खाली ठेवते आणि विचारते, "सोमवारी दुपारी येतेस का जरा?"

सोमवारी बाजार बंद असतो. माझं शटर अर्धं ओढलेलं असतं आणि आत आम्ही सात-आठ जणी बसतो. दवाखान्यातली नर्स, शिवणकामवाली, शाळेतल्या एक बाई, या दोघी बहिणी, मी. पाटी नाही, पावती नाही, भाषण तर मुळीच नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाबरोबर पोलीस चौकीत जायचं असतं. नर्सच्या घरी माळ्यावर एक खोली आहे, तिथे कुणाला चार दिवस ठेवायचं असतं. कागदांच्या प्रती मी काढून देते. एक प्रत बाईजवळ, एक माझ्या कपाटात. कपाटाची किल्ली कुठे असते ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

त्या सोमवारी आली ती लायब्ररीवाली. वाचनालयाच्या खिडकीत बसते, पुस्तकावर शिक्का मारून देते, मान वर न करता. उजव्या मनगटाला प्लास्टर. ती म्हणाली, "शनिवारी दुपारी ह्यांनी कुकर उचलला. मी हात मध्ये घातला. मनगटावर बसला आणि तसाच दाराच्या चौकटीवर आपटला."

तिचा नवरा म्हणजे आमचे क्लासवाले सर. वरच्या मजल्यावर त्यांचं घर आणि क्लास. गोड बोलणं, इस्त्रीचे कपडे, इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. आणि माझं निम्मं काम त्यांच्या नोट्सचं. आता खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडून निघून गेलं, "सर? आपले सर?"

लायब्ररीवालीने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने मान खाली घातली, खिडकीत घालते तशी. मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"सगळे हेच म्हणणार," ती म्हणाली. "आईसुद्धा म्हणाली, तूच घसरली असशील. गुरुवारी सरकारी अधिकारी बाई घरी येणार आहेत बघायला. कुकर बघितला की त्यांना कळेल. तेवढा एकच पुरावा आहे माझ्याकडे. नाहीतर मला परत तिथेच जावं लागेल."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता सर जिन्याखाली उभे. हातात पिशवी, पिशवीत कुकर.

"फळीवरून पडला हो मावशी," ते म्हणाले. "झाकण बसत नाही. अगदी नव्यासारखा करून द्या. उद्या चारला नेतो."

माझं मशीन चालू होतं, पण लक्ष सगळं जिन्याखाली. मावशीने कुकर मांडीत घेतला. पोटावर मधोमध पोचा, पोच्यात हिरव्या रंगाचा पापुद्रा, दांड्याचा स्क्रू बाहेर ओढलेला. तिने तोंडातले स्क्रू काढून डबीत ठेवले.

"पावती करते," ती म्हणाली. "पण मला लिहायला दिसत नाही नीट. तुम्हीच लिहा ना, तुमचं अक्षर छान."

एकतीस वर्षांत या बाईने कुणाला पावती दिली नव्हती! आणि सर तरी काय, शिकवण्याची खोड हाडात मुरलेली. माझ्याकडून कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: एक कुकर, दांडा वाकलेला, पोटाला पोचा, दुरुस्तीस दिला. खाली तारीख, खाली सही. वर मलाच म्हणाले, "व्यवहार कसा चोख असावा."

ते वर गेल्यावर मावशीने कागद माझ्यापुढे धरला. "प्रती काढ."

मी घुटमळले. हो, घुटमळले! नोट्सचं काम गेलं तर दुकान कसं चालवायचं, हेच आलं डोक्यात. मावशी कागद धरून उभी राहिली. मग मला ती खाली घातलेली मान आठवली. चार प्रती काढल्या. पाचवी माझ्या कपाटासाठी. तोवर मावशीने अधिकारी बाईंना फोन लावला होता.

बुधवारी चारला सर आले. कुकर होता तसाच, पिशवीसकट मावशीच्या मांडीत.

"झाला नाही?"

"करणार नाही."

"बरं, द्या इकडे. दुसरीकडे देतो."

"देणारही नाही. हा पोचा मारताना पडलाय. अधिकारी बाई येतायत, त्यांच्या हातात देणार."

सरांचा चेहरा बदलला तो मी बघितला. इतकी वर्षं बघते त्यांना, पण हा चेहरा पहिल्यांदा. "ए भांडीवाले," ते म्हणाले. गोड आवाज कुठच्या कुठे. "ही जागा कुणाच्या मेहरबानीवर वापरतेस? उद्या कमिटीची नोटीस लावतो. रस्त्यावर येशील."

थोरली मावशी स्टुलावरून ओरडली, "रस्त्यावर ऊन चांगलं येतं! इथे अंधारात डोळे गेले!"

जिन्यात माणसं जमली. वरून क्लासची मुलं वाकून बघायला लागली. सरांनी कुकरला हात घातला, मावशीने दोन्ही गुडघे आवळले. मी काऊंटरमागून बाहेर आले आणि मध्ये उभी राहिले. "सर, हात काढा," मी म्हटलं. "तुमच्या सहीच्या पावतीच्या पाच प्रती आहेत माझ्याकडे." आवाज चांगला खणखणीत निघाला, माझा मलाच अभिमान वाटला.

तेवढ्यात अधिकारी बाई आल्या, बरोबर एक शिपाई आणि लायब्ररीवाली. सर लगेच पुन्हा गोड झाले. "मॅडम, फळीवरून पडलेला कुकर आहे. ही बाई म्हणते, मारताना पोचा पडला. हिला काय कळतं? हिचं शिक्षण काय?"

अधिकारी बाईंनी मावशीकडे बघितलं. "तुम्ही कशावरून सांगता?"

मावशीने सगळं दाखवलं. स्क्रू, पोट, हिरवा पापुद्रा. "फळीखाली फरशी असते ना? मग फरशीला हिरवा रंग आहे का यांच्या? स्वयंपाकघराची चौकट बघा जाऊन."

"हा अंदाज झाला," सर म्हणाले.

तेव्हा मावशी उठली. जिन्याला डोकं लागू नये म्हणून वाकून उठली, आणि खिळ्यावरचं ते लख्ख पातेलं काढून अधिकारी बाईंच्या हातात दिलं.

"यात पोचा कुठे होता ते सांगा."

बाईंनी फिरवून फिरवून बघितलं. शिपायानेही बघितलं. कुणालाच सापडेना.

"नाहीच सापडणार. माझं पहिलं काम आहे ते," मावशी म्हणाली. "आमचे मालक बाहेरगावी होते, मी एकटी होते. माझा मेहुणा हे पातेलं घेऊन आला. पडलं म्हणाला. मी दुपारभर बसून पोचा काढला, घासूनपुसून दिलं. केवढा आनंद झाला होता मला! दुसऱ्या दिवशी घरच्यांची बैठक बसली. माझी बहीण म्हणाली, याने मला या पातेल्याने मारलं, कानावर. सगळे म्हणाले, दाखव पातेलं. त्याने दाखवलं. हे असं. बहीण खोटी ठरली. नऊ वर्षं परत तिथे राहिली ती. माझ्यामुळे. बैठकीत बोलायचं धाडस झालं नाही मला, नंतर ती हे पातेलं घेऊन माझ्याकडे राहायला आली तेव्हा तोंड राहिलं नाही."

मावशी बहिणीकडे बघत नव्हती. बावीस वर्षं दोघी एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, आणि हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

थोरली मावशी स्टुलावरून उतरली. तिने सगळं ऐकलं होतं, उजवा कान इकडेच होता.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात. "बैठकीतच ओळखलं मी. एवढा जीव ओतून कोण काम करतं दुसरं?"

"ताई..."

"गप्प बस. रडायचं ते घरी जाऊन रड." मग तिने हात पुढे केला. "हातोडी दे. लोखंडाची."

मावशीने दिली. थोरलीने पातेलं अधिकारी बाईंच्या हातून घेतलं, पायरीवर आडवं ठेवलं, बोटांनी चाचपून एक जागा शोधली. काठापासून चार बोटं खाली. आणि सगळा जोर लावून हातोडी हाणली.

"इथे होता," ती म्हणाली, आता नेहमीच्या आवाजात, वरच्या मजल्यापर्यंत. "एवढा होता! लिहून घ्या!"

अधिकारी बाईंनी कुकर पिशवीसकट सील केला. पावतीची प्रत घेतली, मावशीचा जबाब घेतला, मग वर जाऊन चौकट बघितली. हिरवी होती, आणि खांद्याच्या उंचीवर रंग उडालेला होता. लायब्ररीवाली परत त्या घरी गेली नाही. कपडे आणायला आम्ही सहा जणी गेलो, आणि शिपाई. केस चालू आहे. ती तारखेला जाते तेव्हा मान वर असते, मी स्वतः बघितलंय.

नोट्सचं काम गेलं. जिन्याखालची जागाही गेली. कमिटीचा माणूस नोटीस घेऊन आला आणि लाजच नाही बघा, मलाच म्हणाला, "हिच्या दहा प्रती काढून द्या." मी म्हटलं, मशीन बंद आहे. मशीन तेव्हा त्याच्या नाकासमोर घरघरत होतं.

दोघी आता माझ्या दुकानात बसतात, कपाटाच्या बाजूला. जागा चिंचोळी झालीय, ठोकाठोकीने माझं डोकं उठतं, आणि थोरली माझ्या गिऱ्हाइकांनाही दटावते. पातेलं कपाटावरच्या खिळ्याला टांगलंय, पोचा लोकांच्या बाजूला करून. परवा एकजण म्हणाला, "मावशी, एवढ्या चांगल्या भांड्यातला पोचा काढत का नाही?"

मावशीच्या तोंडात स्क्रू होते. तरी सगळ्यांना कळलं. "तो काढायचा नाही."